चाळीस गाठी आणि एक वळसा

सगळ्यात आधी बिनसलं ते एवढंसंच: राहीचा अंगठा शेवटच्या गाठीवर आला आणि ओठांवर नाव आलं नाही.

शेवरापूरच्या बारवेवर पाहुणे आले की कोंडाबाई गुरव गोष्टीला इथूनच सुरुवात करतात. बारव कधीची, किती हात खोल, पायऱ्या किती, हे त्या सांगत नाहीत. ते बाहेर नगरपालिकेच्या फलकावर आहे. "ते वाचून या, मग निवांत बसा," म्हणतात. पाहुणे सातव्या पायरीवर टेकले की उजव्या हाताच्या कोनाड्याकडे बोट करतात. कोनाड्यात वीतभर उंचीची महादेवाची पिंड आहे आणि तिच्यामागे खुंटीला एक काळपट दोरी टांगलेली आहे. दोरीला गाठी आहेत. मोजल्या तर चाळीस भरतात. चाळिसाव्या गाठीखाली चार बोटं दोरी मोकळी आहे, आणि त्या मोकळ्या दोरीला एक वळसा पडलेला आहे. ओढून सरळ करा, सोडली की पुन्हा वळते.

"लावा हात, लावा. काही होत नाही," कोंडाबाई म्हणतात. "फक्त गोष्ट कान देऊन ऐका. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे."

असं सांगतात, की शेवरापूर तेव्हा शहर नव्हतं. चाळीस उंबऱ्यांचं गाव होतं आणि पाणी दीड कोसावर. बायांच्या डोक्यावरचे केस घागरींनी झिजायचे म्हणे. शेवटी गावाने बारव खणायची ठरवलं. घरटी एक, असे चाळीस गडी खाली उतरले. एक्केचाळिसावा बाहेरचा होता. वाटेने चालला होता, थांबला, कोणाची तरी पहार उचलली आणि खणायला लागला. काळ्या दगडाखाली पाणी लागलं त्या दिवशी एक कपार सुटली. जो सगळ्यांत खाली होता तो वर आला नाही, आणि सगळ्यांत खाली तोच होता.

नावं दगडावर कोरायची का, असा विषय निघाला तेव्हा जुना पाटील म्हणाला, "कोरून वाचणार कोण? इथे अक्षर ओळखणारा एक कुळकर्णी, तोही चाळिशी विसरतो." म्हणून ज्या दोराने माती वर ओढली त्याचाच एक पेड सोडवला, त्याला एक्केचाळीस गाठी मारल्या आणि तो सखोबा गुरवाच्या हाती दिला. रीत ठरली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांना पाणी द्यायच्या दिवशी, गुरवाने खालच्या पायरीवर उभं राहायचं, एकेका गाठीवर अंगठा ठेवून एकेक नाव पुकारायचं. ज्या घरचं नाव त्या घराने वरून ओ द्यायची. ओ आली की अंगठा पुढच्या गाठीवर.

एक्केचाळिसाव्याचं घर गावात नव्हतं. त्याचं नाव पुकारून त्याची ओ सखोबा स्वतःच द्यायचा, खालच्या आवाजात. तोवर गाव घागरी भरायला उठलेलं असायचं.

अशी चाळीसेक वर्षं गेली. मग एका माघात सखोबाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. राही त्याची एकुलती एक लेक. दोरी तिच्याकडे आली.

राही फार भित्री. मागून कोणी "काय गं" म्हटलं तरी हातातलं भांडं टाकायची. शेजारची बयजाआत्या तर पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "स्वतःच्या सावलीला बाजूला सर म्हणणारी ही पोर, गावापुढे उभी राहून पुकारा करणार? मग मी पालखीपुढे लेझीम खेळते!" बाया हसल्या. राहीही हसली. नावं तिला येत होती. लहानपणापासून जात्यावर ती ओव्यांच्या जागी हीच नावं म्हणायची. एकूण एक, एक्केचाळीस.

आखिती आली. सखोबाला उचलून आणून वरच्या पायरीवर बसवलं होतं. राही खाली उभी राहिली. आवाज सुरुवातीला कापला, मग सापडला. दहा झाली, वीस झाली, घराघरांतून ओ येत गेली. चाळिसावी ओ आली आणि रीतीप्रमाणे गाव उठलं. कोणाची तरी घागर सुटली आणि गडगडत, ठणठणत पायऱ्यांवरून खाली आली. राही अंगभर दचकली. घागर तिच्या पायाशी येऊन थांबली. अंगठा शेवटच्या गाठीवर होता आणि नाव गेलं होतं.

ती थांबली. येईल, आत्ता येईल. आलं नाही. वर भांड्यांचा कालवा चालला होता. कोणीही खाली बघत नव्हतं, कोणीही त्या नावाची वाट बघत नव्हतं. चाळिसांतलं एक जरी गळलं असतं तरी त्या घराने तिची चिरफाड केली असती. हे नाव गळलं तर विचारणारं कोणी नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिथेच ती घसरली. नाव न घेताच तिने खालच्या आवाजात ओ दिली, आणि दोरी गुंडाळली.

वर बघितलं तर एकच माणूस तिच्याकडे बघत होता. सखोबाने डावा हात उचलला होता. राहीने घागर उचलून द्यायचं निमित्त केलं आणि नजर फिरवली.

रात गेली की आठवेल, जात्यावर बसलं की आठवेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. जात्यावर चाळीस नावं यायची आणि खुंटा हातात तसाच राहायचा. उपाय साधा होता. बापाची जीभ गेली होती, कान नव्हे. त्याच्यापुढे बसून सुचतील ती नावं घ्यायची, खरं नाव आलं की त्याने मान हलवली असती. दोन घटकांचं काम. पण तेवढं करायला आधी "मी विसरले" म्हणावं लागलं असतं. त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं, तरी ती त्याच्याशी ताकाभाकरीचंच बोलत राहिली. "बाबा, आंबट झालंय का हो?" विचारायची, आणि तो तिच्याकडे बघत राहायचा.

पुढे तिच्या मनाने घेतलं, की कोणी गाठी मोजल्या तर? म्हणून ज्येष्ठातल्या एका दुपारी तिने ती शेवटची गाठ सोडवली. चाळीस वर्षांची गाठ बोटांना दाद देईना. दातांनी सोडवली.

चारआठ दिवसांनी ती अंगणातून आत आली, तर सखोबा दोरी मांडीवर घेऊन बसला होता. डाव्या हाताने एकेक गाठ चाचपत, ओठ हलवत चालला होता. शेवटाला आला. अंगठा घसरला. मोकळ्या दोरीवर तो जरा वेळ फिरला, वळशाशी थांबला. मग त्याने दोरी उलटी घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. आपल्याच मोजण्यात चूक झाली असेल, असं वाटलं असावं त्याला. राही दारात उभी होती. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्याने दोरी नीट घडी करून ठेवली.

श्रावण लागायच्या आत सखोबा गेला. जाताना नाव घेऊन गेला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी बारवेचं पाणी उतरायला लागलं, असं सांगतात. दसऱ्याला एक पायरी, दिवाळीला तीन. महादेवाला अभिषेक झाला, ओल्या वस्त्रांनी प्रदक्षिणा झाल्या. पाणी उतरतच राहिलं. मग गाव कारण शोधायला लागलं, आणि गावाला कारण लगेच सापडतं. त्याच सालात नारू कुंभाराच्या घरी नवी सून आली होती, सुंदरा, पार घाटापलीकडची. हिचा पाय लागला आणि पाणी गेलं, असं कोणीतरी बोललं. संक्रांतीला तिला वाण देईनात. शिमग्याला तिला बारवेची पायरी उतरू देईनात. ती वर उभी राहायची, घागर खाली ठेवून, कोणी भरून देईल का म्हणून. राहीने दोनदा तिची घागर भरून दिली. सुंदरा म्हणाली, "ताई, या गावात तुम्ही एकच माणूस." त्या दिवशी राहीला घास उतरला नाही.

आखितीच्या दोन दिवस आधी सुंदराच्या भावाला सांगावा धाडला: बहिणीला घेऊन जा. भाऊ येईपर्यंत ती वेशीतल्या मारुतीच्या देवळात गाठोडं घेऊन बसली. सासरच्या उंबऱ्याला तिने पुन्हा पाय लावला नाही.

आखिती आली. राही खाली उतरली. यंदा खालच्या पायरीला पाणी नव्हतं, चिखल होता. तिने चाळीस नावं पुकारली, चाळीस ओ आल्या. गाव उठायला लागलं.

"बसा," राही म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "अजून एक आहे."

मग तिने सगळं सांगितलं. घागर पडली ते, गाठ सोडवली ते, बाप मोजत होता ते. "कुंभारांच्या सुनेचा काही दोष नाही," म्हणाली. "पाय माझा आहे, पांढरा म्हणायचा तर."

बारवेत एवढी माणसं, सगळी तिच्याकडे वळली. मग एकच गलका. बयजाआत्या ओरडली, "सटवे, वर्षभर तोंडात गूळ धरलावता का? आणि ती परक्याची पोर उन्हातान्हात!" कोणी म्हणालं, दोरी काढून घ्या तिच्या हातातून.

म्हातारी पाटलीणबाई काठी टेकत उठली. बारव खणली तेव्हा ती गावात नवी सून होती. "घ्या की काढून," ती म्हणाली. "घेणाऱ्याने तेवढं एक्केचाळिसावं नाव सांगावं आणि घ्यावी."

दोरीकडे निघालेले हात मागे गेले.

"चाळीस वर्षं ऐकलंत. सांगा कोणीही."

"ते गुरवाचं काम," नारू कुंभार पुटपुटला.

"मलाही येत नाही," पाटलीणबाई म्हणाली. "मी त्याला भाकरी वाढलीय. तिने गेल्या साली नाव घेतलं नाही, आणि इथे एकाच्याही कानाला खटकलं नाही. तिला काय बोलायचं आपण?"

ती खाली बसली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "डावखुरा होता. भाकरी उजव्या हातात धरायचा, डाव्याने मोडायचा. कोरड्यास नको म्हणायचा. मीठ चाले त्याला."

मग साळ्यांचा म्हातारा म्हणाला, "घाव घातला की दर घावाला 'हां माये' म्हणायचा." आणखी कोणी म्हणालं, हसताना तोंडावर हात धरायचा, समोरचा दात नव्हता. असं चिमूट चिमूट निघत गेलं. नाव निघालं नाही, पण माणूस बराचसा गोळा झाला.

"एवढ्यावर पुकार," पाटलीणबाई राहीला म्हणाली. "आम्ही ओ देणार नाही. आमच्या तोंडाला ती आता शोभत नाही. ओ येईस्तोवर पुकार."

नारू तसाच वेशीत गेला, सुनेपुढे डोकं टेकून आला. सुंदराने ऐकून घेतलं. म्हणाली, "मामंजी, ज्या पाण्यावरून मला उठवलं ते पाणी आता मला नको. दादा येतोय."

राहीने तीन दिवस पुकारा केला म्हणे. सकाळी, दुपारी, सांजेला. खालच्या पायरीवर, घोटाभर चिखलात उभी राहून. गावाला ते ऐकू येई, वेशीतही ऐकू येई. ओ येत नव्हती.

आजही शेवरापुरात आखितीला बारव भरून माणसं बसतात. आता नावं गुरवांच्या घरापुरती राहिलेली नाहीत. शाळेतल्या मुलींना येतात, बसस्टँडवरचा रिक्षावाला मीटर टाकता टाकता तुम्हाला सगळी म्हणून दाखवेल. दोरी जीर्ण झाली की नवी वळतात, तिला एक्केचाळीस गाठी मारतात, वर्षभर तशीच ठेवतात, आणि मग गुरवांच्या घरची बाई शेवटची गाठ दातांनी सोडवते. ती पुन्हा कोणी मारत नाही. "चूक विसरायची नसते ना," कोंडाबाई म्हणतात. आजही चाळीस नावांना घराघरांतून ओ येते, आणि मग मोकळ्या दोरीवर अंगठा ठेवून बिननावाचा पुकारा होतो. त्या वेळी गावचं माणूस ओठ मिटून बसतं. ओ द्यायची ती बाहेरून आलेल्याने. पाणी सातव्या पायरीला टेकलेलं असतं. ते त्या वर्षी कधी चढलं, त्याच दिवशी की पुढच्या पावसात, यावर शेवरापुरात अजून वाद आहेत. त्या ओविषयी मात्र वाद नाही.

पुकाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुंदराचा भाऊ आला. गाडी वेशीत उभी राहिली, बैलांच्या घुंगरांचा आवाज बारवेत उतरला. राहीला तो ऐकू आला आणि कळलं, की आता सुंदरा चालली. घसा बसला होता. डोळ्यांपुढे पायऱ्या हलत होत्या. तरी तिने दोरी कपाळाला लावली, वळशावर अंगठा ठेवला.

"डावखुऱ्या दादा रे…"

वर काही हललं नाही.

"मिठाभाकरीच्या दादा रे…"

घुंगरं थांबली होती.

"सगळ्यांच्या खाली उतरलेल्या दादा रे, आहेस का?"

पायऱ्यांवर सावली पडली. राही दचकली, पण या वेळी तिने नजर फिरवली नाही. वरच्या पायरीवर, जिथून शिमग्यापासून तिला खाली येऊ दिलं नव्हतं तिथे, सुंदरा उभी होती, काखेत गाठोडं घेऊन. ती बराच वेळ खाली बघत राहिली, राहीकडे, तिच्या पायांच्या चिखलाकडे. मग तिने गाठोडं पायरीवर ठेवलं, एक पायरी उतरली, आणि म्हणाली,

"ओ."