उठणाऱ्याची बक्षिशी

"...न्हाव्याला देतो, वेटरला देतो, गॅसची टाकी वर आणणाऱ्याला देतो. पण मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला बक्षिशी कशाबद्दल द्यायची, ते मला सांगा, माई!"

उत्तमराव डुबल दारातून आत येतायेताच हे बोलत होते. चपला काढायच्या आधी प्रश्न. माणूस तसा सरळ. तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, उभ्या नोकरीत कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. हे आम्हाला त्यांनीच निदान पन्नास वेळा सांगितलंय.

माईंना कमी ऐकू येतं. त्यांचा मठ म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, आणि पंखा असला जुना की खडखडीपुढं कुणाचं काही ऐकू येत नाही. कुणी बोलायला आलं की माई बोटानं वर दाखवतात आणि मी उठून पंखा बंद करायचा. तीस वर्षं झाली मला इथं. वैशाखाची दुपार, अंगभर घामोळ्या, तरी उठलो आणि बटण बंद केलं.

उत्तमरावांनी खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातात ठेवली.

"हे काय?" मी म्हटलं.

"बक्षिशी. माझ्यासाठी उठलात ना."

अस्सा संताप आला! मी माईंचा शिष्य, की लॉजवरचा नोकर? नोट त्यांच्या अंगावर परत टाकणार होतो, तेवढ्यात माई म्हणाल्या, "असू दे, दाजीबा. ठेव."

ठेवली. पण मांडीखाली दाबून ठेवली, हातात नाही.

"हां, उत्तम. तुझा नियम काय म्हणालास?"

"सोपा आहे. माझ्यासाठी जो जागचा हलतो, त्याला द्यायचं. वेटर दहा वेळा आतबाहेर करतो. टाकीवाला दोन जिने चढतो. न्हावी तर दिवसभर उभाच असतो."

"शिवाय त्याचा वस्तरा तुमच्या गळ्यावर असतो," मी म्हटलं.

माई हसल्या. उत्तमराव हसले नाहीत.

"मोबाईलवाला खुर्चीत बसून काम करतो. भाव त्याचा, खुर्ची त्याची, पंखासुद्धा त्याच्याच तोंडावर. मीही चौतीस वर्षं खुर्चीत बसूनच काम केलं. मला कुणी वर काही देऊ केलं असतं, तर दंडाला धरून बाहेर काढला असता त्याला."

"मग नको देऊस. झालं की! एवढ्यासाठी इतक्या उन्हात आलास?"

उत्तमरावांनी रुमालानं मान पुसली, टोपी काढली, परत घातली.

"द्यायला गेलो होतो, माई."

"मग?"

"त्यानं घेतली नाही."

मला हसू आवरेना. "चांगली जिरवली की तुमची!"

माईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून लसूण सोलायला घेतला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उत्तमरावांच्या फोनवरून समोरच्याला आवाज जात नव्हता. सकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीत त्यांनी तो दुरुस्तीला दिला. तिथं इम्तियाज म्हणून कारागीर आहे, साऱ्या गावाचे फोन त्याच्याकडं. त्यानं नवा माइक बसवला आणि चालतोय का बघायला एक फोन लावला. कुणाला लावू, हे विचारलं नाही. यादीत पहिलं नाव दिसलं ते दाबलं आणि फोन यांच्या कानाशी धरला. म्हणाला, "बोला काका, आवाज जातोय का बघू."

"पहिलं नाव कुणाचं?" माईंनी विचारलं.

"...आण्णाचं."

आण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. सांगलीला असतात. सहा वर्षं दोघांत शब्द नाही. का, तर आण्णांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत उत्तमरावांचं नाव नवरदेवाच्या मामाच्या खाली छापलं होतं. एवढंच. खरंच एवढंच! मी तेव्हाही म्हटलं होतं, अहो, छापखान्यात चूक झाली असेल. तर मलाच म्हणाले, "चूक असो नाहीतर काही असो. कुणाचं नाव कुठं, हे ठरलेलं असतं." लग्नाला गेले नाहीत. सुनेचं तोंड अजून बघितलेलं नाही.

"उचलला का आण्णानं?"

"एका रिंगमध्ये."

"काय म्हणाला?"

"मी नुसतं हॅलो म्हटलं. तर म्हणाला... बाळू?"

साठी उलटलेल्या या माणसाला बाळू म्हणणारा आता तेवढा एकच जण उरला असेल. मला कधी उत्तमरावांची कीव येईल असं वाटलं नव्हतं, पण आली.

"पुढं बोल."

"म्हणाला, थांब, थांब, ठेवू नको. पंख्यानं मला नीट ऐकू येईना, बंद करून येतो..." उत्तमरावांनी टोपी परत काढली. "मग काठी टेकल्याचा आवाज आला, माई. टक्, टक्. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणे त्याचं. मला लोकांकडून कळलं."

"मग?"

"तो बटणापर्यंत पोचला असेल, नसेल... मी फोन कट केला."

लसूण तसाच माझ्या हातात राहिला. बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत होतं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो पुसायचंही सुचलं नाही.

"मग त्या इम्तियाजवर ओरडलो," उत्तमराव घाईघाईनं बोलू लागले. "न विचारता नंबर लावतोस म्हणजे काय? अक्कल आहे का? मजुरी टेबलावर आपटली आणि निघालो. रस्ता ओलांडला आणि वाटलं, त्याचा काय दोष? म्हणून पन्नास रुपये द्यायला परत गेलो. तर म्हणतो कसा, काका, एका हॅलोवर माइकचं काही कळत नाही. दोन मिनिटं सलग बोलायला पाहिजे. काम पक्कं झाल्याशिवाय मी वरचे पैसे घेत नाही. बोलून या, मग खुशीनं द्या!"

"मग बोललास?"

"नाही."

"आण्णानं उलट फोन केला?"

"मला काय माहीत. फोन बंद करून ठेवलाय."

आता मात्र मला राहवेना. "अहो उत्तमराव, पैसे मोजून दुरुस्त केलेला फोन बंद करून खिशात घातलात? मग मोडका होता तोच काय वाईट होता?"

"दाजीबा," माई म्हणाल्या.

मी तोंड मिटलं.

उत्तमराव पुढं सरकले. "माझं काय चुकलं ते सोडा, माई. मी एवढंच विचारायला आलोय. त्या माणसाला बक्षिशी द्यायची की नाही? एकदा काय ते सांगा, म्हणजे डोक्यातून जाईल."

माईंनी माझ्यापुढं हात केला.

आधी मला कळलंच नाही. मग मांडीखालची नोट काढून दिली. घामानं ओली झाली होती. माईंनी ती गुडघ्यावर ठेवून सरळ केली आणि उत्तमरावांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

"ही तू कशाबद्दल दिलीस?"

"सांगितलं की मघाशी. माझं बोलणं ऐकू यावं म्हणून हे उठले आणि पंखा..."

उत्तमराव मध्येच थांबले.

नोटेकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाजूचं बटण दाबून धरलं. बोट दोनदा सुटलं. तिसऱ्या वेळी पडदा उजळला.

"काय बोलू मी त्याच्याशी, माई? सहा वर्षं झाली..."

माईंनी बोटानं मला वर दाखवलं.

मी उठलो आणि पंखा लावला. खडखड सुरू झाली, अंगाला वारा लागला, जिवात जीव आला. नोट फडफडत कोपऱ्यात गेली. ती उचलायला कुणीच उठलं नाही.

"आमचा पंखा लागला, उत्तम," माई मोठ्यानं म्हणाल्या. "आण्णाचा अजून बंदच असेल."