ठकूअक्कानं मोडलेलं शिंग

फार मागची गोष्ट आहे. घाटात सडक आली नव्हती आणि डाकेची थैली माणसाच्या पाठीवरून वर यायची, तेव्हाची. घाटमाथ्यावर आडवळी नावाचं गाव होतं. तिथला वारा असा बोचरा, की पाहुणा दुसऱ्या मुक्कामाला थांबत नसे. गावात मेंढरं होती, लोकर होती, आणि खालच्या छावणीतल्या कुणा मडमेकडून बायकांनी चार सुयांवर पायमोजे विणायची विद्या उचलली होती, असं म्हणतात. त्या बायकांत ठकू सनगर सगळ्यांत हुशार. आणि हुशार म्हणून सगळ्यांत जास्त काम तिच्याच गळ्यात, हे काही वेगळं सांगायला नको.

आडवळीच्या मोज्यावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असे. पांढऱ्यावर काळी शिंगं, गुडघ्यापासून बोटांपर्यंत रांगेनं. आणि रीत अशी, की एकही शिंग मोडता कामा नये. शिंग मोडलं की कळप मोडतो, असं थोरल्या बाया सांगत. आता माणसाची पिंडरी वर भरलेली आणि घोटा बारीक. मोजा तसा निमुळता व्हायचा तर खाली येताना टाके घटवायला हवेत. पण टाका घटला की शिंग तुटलंच. म्हणून आडवळीत मोजा वरपासून खालपर्यंत नळीसारखा सरळ विणत आणि गुडघ्याखाली सुतळीनं आवळत. नक्षी देखणी, पाय मात्र आत सैल हालायचा. सगळे म्हणत, मोजा असाच असतो.

ठकूचा धाकटा भाऊ सुभाना डाक वाहायचा. एका हिवाळ्यात तो निघताना म्हणाला, "अक्का, मोजा घोट्याशी लई सैल हाय. टाचंखाली गोळा हुतो."

ठकू त्या आठवड्यातल्या तिसऱ्या मोज्यावर होती. तिनं मान वर केली नाही.

"सुतळी आवळ जरा," ती म्हणाली. "शिंग मोडून चालतंय व्हय?"

सुभानानं सुतळी आवळली आणि तो बारा कोस चालला. लोकरीची चुणी वाटभर टाचेखाली घासत राहिली. टाच फुटली, जखम चिघळली. तीन महिन्यांनी तो खाटेवरून उठला तेव्हा पाऊल आत वळलेलं होतं आणि पिंडरी वाळून काठी झाली होती. तो अक्काला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला रोज वाटे.

वैदूनं पाय पाहिला आणि सांगितलं, "पाऊल उबंत धरून ठेवा, गच्च धरून. पुढल्या थंडीच्या आत भार घेतला तर घेतला. न्हाईतर हा गडी जन्माचा बसला."

ठकू विणायला बसली. शिंगं राखून मोजा घट्ट करायचे सगळे उपाय तिनं केले. सूत बारीक काढलं, सुया तासल्या, टाके आवळले. मोजा एक तर पायात चढेना, नाहीतर चढला की लोंबे. ती उसवी आणि पुन्हा टाके घाली. असे शंभर मोजे तिनं उसवले, असं म्हणतात. बोटांना चरे पडले. जेवताना घास हातातच राहून जाई, इतकी ती थकली होती. पावसाळा सरला आणि सुभाना अजून भिंतीला धरूनच उठत होता.

एका दुपारी ती त्याच्या पायाशी बसली, डोळे मिटले, आणि दोन्ही तळवे त्याच्या पिंडरीवरून नुसते खाली नेले. तळवे एकमेकांजवळ येत गेले. घोट्यापाशी ते जवळजवळ भेटलेच. ठकू उठली आणि तिनं नवे टाके घातले. मागच्या बाजूला एक सरळ काळी रेघ ठेवली. रेघेच्या अलीकडे दोन टाके मिळून एक विणला, पलीकडे दोन मिळून एक. मग चार ओळी साध्या, आणि पुन्हा तसंच. शिंगं रेघेपाशी येत आणि एकेक करून आत नाहीशी होत, सांजेला मेंढरं वाड्यात शिरावीत तशी. पुढून नक्षी अखंड होती. मागून शिंगं मोडली होती.

हौसाआत्या गावातली थोरली विणकरीण. तिनं मोजा उलटसुलट पाहिला. "ठके, शिंग मोडलंस. आता कळप मोडंल."

"मोडू दे, आत्या," ठकू म्हणाली. तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. "शिंग राखायपायी मी भावाचा पाय मोडला. आता बास."

सुभानानं मोजा चढवला. तो कातडीसारखा बसला. भिंत सोडून तो उभा राहिला, आणि ठकू जमिनीवर बसून रडली. आठव्या दिवशी तो घाट उतरून गेला आणि सांजेच्या आत थैली घेऊन वर आला. वाटेतलं दहिवर त्या मोज्याला शिवलं नाही, असं म्हणतात. कळपाला काही झालं नाही. उलट त्या वर्षी मेंढ्यांना जुळी झाली, असंही म्हणतात. लोक काय, म्हणतातच.

मग मात्र ठकूची सुटका उरली नाही. बारा वाड्यांतले लंगडे, पांगळे, म्हातारे तिच्या दारी येऊ लागले. ज्यांना येववत नसे त्यांचं ओल्या मातीत उठवून आणलेलं पाऊल पाहून ती माप धरी. पुढं पुढं तर नुसता चालण्याचा आवाज तिला पुरे. चाळीस वर्षं तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. एका दुपारी वेशीच्या धोंड्यावर विणता विणता म्हणाली, "दमले गं बायांनो," आणि परत उठली नाही.

बायांनी तिला न्हाऊ घातलं तेव्हा तिचे पाय पाहिले. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. घर हुडकलं. तिच्या मापाचा एकही मोजा सापडला नाही. म्हातारा सुभाना उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "अक्कानं समद्यांच्या पायाचं माप घेतलं. तिच्या पायाचं कुनी घेतलंच न्हाई."

आजही थंडी पडली की आडवळीतल्या बायका ठकूअक्काच्या नावानं एक जोडी विणायला घेतात. जिनं जन्मभर सगळ्यांचं केलं आणि जिला कुणी काही विचारलं नाही, अशी एक बाई गावातून निवडतात. तिला वेशीच्या धोंड्यावर बसवतात आणि म्हणतात, "पाय पुढं करा." दरवर्षी ती बाई पाय लुगड्यात ओढून घेते आणि म्हणते, "मला कशाला?" तिची समजूत कुणी घालत नाही. ती पाय पुढं करीपर्यंत सगळं गाव तिथंच बसून राहतं. एका वर्षी दोन दिवस बसलं होतं, असं म्हणतात.