चौदा महिन्यांचं काम

“…आणि टर्बो बसवायचा झाला तर आधी इंजिन उतरवायचं, की गिअरबॉक्स?”

दस्तगीर नालबंदांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. ते खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसले होते. वय ब्याऐंशी. मिरजेच्या बाहेर, मालगावच्या रस्त्यावर त्यांची शेड होती. गेली सहा वर्षं तिथे कोणतीही गाडी आली नव्हती. लोक मात्र अजून त्यांना उस्ताद म्हणत.

प्रश्न विचारणारा जयराज माईणकर. कॉलेजात असताना सुटीत याच शेडमध्ये तो इंजिन उघडायला शिकला होता. पुढे मोठ्या कारखान्यात डिझाइनचा प्रमुख झाला. आता एकसष्ट वर्षांचा, निवृत्त.

शेडसमोर त्याची गाडी उभी होती. लाल, दोन सीटांची, कापडी छप्पर मागे दुमडता येणारी. एकोणतीस वर्षं जुनी. कापड शिवणीत फाटलं होतं.

जयराजच्या मांडीवर जाडजूड फाइल होती.

“उस्ताद, ऐकताय ना?”

“ऐकतोय. पुढं बोल.”

“स्प्रिंगा बदलायच्या. गाडी दीड इंच खाली घ्यायची. म्हणजे वळणावर ती रस्ता सोडणार नाही.”

“कुठल्या वळणावर?”

“कुठल्याही.”

“परवा कुठल्या वळणावर सोडला?”

जयराजने फाइलचं पान उलटलं. मग म्हणाला, “परवा नाही… तीन वर्षांत फारशी बाहेर काढलीच नाही. आज इथवर आणली तेवढीच. असल्या अवस्थेत काय काढायची?”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

“पुढं.”

“ब्रेक मोठे. छपराला मोटर. बटण दाबलं की बारा सेकंदांत छप्पर उघडलं पाहिजे. सगळी ड्रॉइंगं मी स्वतः काढलीत. असं काम आपल्या भागात कुणी केलेलं नाही, उस्ताद.”

“नसेल.”

“हे बघा.” जयराजने एक कागद उचलला. वाचण्यासाठी तो तिरका धरला, मान उजवीकडे वळवली.

उस्तादांनी डोळे उघडले होते.

“कागद असा का धरतोस?”

“सवय.”

“माझ्याकडं होतास तेव्हा नव्हती.”

जयराजने कागद खाली ठेवला.

“उजव्या डोळ्याचा पडदा झिजतोय. डावा अजून ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, दिवसा चालवा, सावकाश चालवा. वर्षभर चालवता येईल. पुढचं तेव्हा बघू.”

“घरी माहीत आहे?”

“बायकोला सांगितलंय. मुलीला नाही.”

“आणि हे सगळं काम? किती दिवसांचं?”

“सामान बाहेरून यायचं आहे. चौदा महिने.”

…

जयराजने पुन्हा फाइल उघडली, मग मिटली.

“मला कळतं हिशोबात काय चुकतंय ते,” तो म्हणाला. “मी इंजिनिअर आहे.”

“हो.”

“पण ही गाडी एकदा हवी तशी झालेली बघायची आहे. अर्धवट नाही. तुम्ही एकदा बसून बघा, तिचं काय दुखतंय ते ऐका. दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा भरवसा नाही.”

उस्तादांनी खाटेची कड धरली. उठायला वेळ लागला. जयराज पुढे झाला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

“चल.”

दुपारचे चार वाजत आले होते. पौषातलं मऊ ऊन होतं. दोघांनी मिळून छप्पर मागे ढकललं. मोडक्या छत्रीसारखी कुरकुर करत ते दुमडलं.

“ऐकलंत?” जयराज म्हणाला. “म्हणूनच मोटर म्हणतोय.”

गाडी मालगावच्या दिशेने निघाली. जयराज डोळ्यांवर ताण देत सावकाश चालवत होता आणि एकसारखा बोलत होता.

“तिसऱ्या गिअरला हा आवाज येतो बघा. आला? स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतं. आणि मागून हे कुईं कुईं… ते बुशिंगच्या रबराचं आहे, की स्प्रिंगचं? उस्ताद?”

उत्तर आलं नाही.

“उस्ताद?”

त्याने वळून पाहिलं. दस्तगीर नालबंद झोपले होते. टोपी मांडीवर आली होती, तोंड किंचित उघडं होतं, पांढरे विरळ केस वाऱ्यावर उडत होते.

जयराजला राग आला. ब्रेकवर पाय नेला. दोन वर्षं राबून आखलेला आराखडा. पस्तीस वर्षांनी गुरूकडे आलो, आणि गुरू झोपतो!

हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

पण म्हाताऱ्याची मान एका बाजूला कलत होती. जोरात ब्रेक लावला असता तर ती आदळली असती. जयराजने पाय हलकेच उचलला. एका हाताने टोपी सीटच्या फटीत खोचली, उडून जाऊ नये म्हणून.

समोर खड्डा आला. त्याने तो अलगद चुकवला. पुढचाही.

आता तो आवाज ऐकत नव्हता. गिअर कधी बदलायचा, धक्का कसा लागू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. बाजूने पानमळे गेले. ओल्या मातीचा गारवा अंगावर आला. कुणीतरी बांधावरून हात केला, त्यानेही केला. मालगावच्या चौकातून मागे फिरायचं ठरलं होतं. पण तिथे गाडी मागे-पुढे घ्यावी लागली असती. उस्ताद जागे झाले असते.

तो सरळ खंडेराजुरीच्या रस्त्याने पुढे गेला.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. खांदे सैल पडले होते. इतके दिवस ते ताठ होते, हे त्याला आत्ता कळलं.

शेवटी एका गतिरोधकाने घात केला. उस्ताद दचकून जागे झाले. इकडेतिकडे पाहिलं, टोपी शोधली, डोक्यावर घातली.

जयराजने गाडी कडेला घेतली.

“तुम्ही झोपलात, उस्ताद.”

“हो.”

“काहीच ऐकलं नाहीत. तिसरा गिअर नाही, स्टिअरिंग नाही…”

“नाही.”

“मी तुम्हाला तेवढ्यासाठीच बसवलं होतं.”

उस्तादांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

“बायको गेली, जैतुनबी, त्याला अडीच वर्षं झाली,” ते म्हणाले. “तेव्हापासून पडून राहतो नुसता. छताकडं बघत. गोळ्या घेतल्या, दर्ग्यात बसून पाहिलं. डोळ्याला डोळा लागत नाही.”

इंजिन चालूच होतं. जयराजने ते बंद केलं नाही.

…

“काम कधी सुरू करायचं, ते विचारायचं होतं,” अखेर तो म्हणाला. पण आवाजात जोर उरला नव्हता.

उस्ताद रस्त्याकडे पाहत होते.

“मालगाव गेलं का?”

“कधीच. फिरवू मागे?”

म्हाताऱ्याने पाय जरा लांब केले, मान पुन्हा सीटला टेकवली आणि डोळे मिटले.

“खंडेराजुरी येऊ दे. अजून उन्हं आहेत.”