दवंडीतला शब्द

एका राज्यात नदी दगड झाली होती. डोंगरमाथ्यावरच्या कालकेतू मांत्रिकराजानं ती मंतरली होती. विहिरींत जेमतेम सात दिवसांचं पाणी उरलं होतं. राज्य एवढंसं, पण ऐट काही विचारू नका! राणी उदयमतीपुढं भल्याभल्यांचा आवाज खाली यायचा.

कालकेतूची टिटवी दरबारात उतरली. म्हणाली, "नदी हवी तर तीन गोष्टी करा. दर्यापती सम्राटाला बंदर बंद करा. घाटातला किल्ला आम्हांला द्या. आणि त्याची फौज इथून वर येणार नाही, असं गुपचूप वचन द्या."

सम्राटाचा वकील कालच येऊन मुक्कामाला राहिला होता. किल्ला सम्राटालाही हवा होता. फौज वर नेऊन तो मांत्रिकाला संपवणार होता.

प्रधान विरूपाक्ष राणीच्या कानाशी लागला. "दोघांनाही चोरून हो म्हणू. पाणी तरी येईल."

राणी संतापली. या राज्यात शब्द द्यायचा तो चावडीवर, दवंडी पिटून. सात पिढ्यांत तो फिरला नव्हता.

तिनं टिटवीला विचारलं, "तुझ्या राजाला झोप लागते?"

"सम्राटाची गलबतं दिसल्यापासून नाही."

मंत्र भीतीपोटी घातलेला असला, तर भीती सरताच तोही सरतो, हे त्या काळी पोरासोरांना ठाऊक होतं.

राणीनं वकिलाला आणि टिटवीला चावडीवर बसवून दवंडी पिटवली. बंदर सर्वांना खुलं, कालकेतूच्या मालालाही. किल्ला कुणालाच नाही. आणि या मुलखातून कुणाचीही फौज कुणावरही जाणार नाही.

वकील लालबुंद झाला. "आमची मैत्री सोडता?"

"मैत्री ठेवते. वाट देत नाही."

पाच दिवस गेले, दगड तसाच. माणसं ओंजळभर पाण्यावर राहिली, पण शब्द मागे घ्या असं कुणी म्हटलं नाही. काय माणसं होती ती!

सहाव्या दिवशी सम्राटाचे हजार स्वार घाटाशी आले. किल्लेदार रायाजीनं कोरड्या घशानं घाटवाटेवरचा एकुलता दरवाजा लावून घेतला. स्वार संध्याकाळपर्यंत थांबले आणि परत फिरले. डोंगरावरून कालकेतू हे पाहत होता. तो तिथंच खडकाला टेकून गाढ झोपला, आणि खाली नदी खळाळत सुटली.

टिटवी पुन्हा आली. "राजा विचारतो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"आमच्या," राणी म्हणाली, आणि सहा दिवसांनी पोटभर पाणी प्यायला उठली.