उघडी राहिलेली उघाडी

खाडीकाठच्या एका गावात एक राखणदार राहत होता. त्याचं नाव कैतान. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता आणि त्या बांधात एक जाड लाकडी दार होतं. गावातले लोक त्याला उघाडी म्हणत. ओहोटीच्या वेळी उघाडी दोराने वर ओढली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. भरतीच्या आधी ती खाली सोडली की खारं पाणी बाहेरच्या बाहेर थांबे. काम एवढंच, पण गावाचं भात आणि विहिरींचं गोडं पाणी त्यावर अवलंबून होतं.

हे काम करता करता कैतानचे केस पिकले. अंगात ताप असो की घरी पाहुणे असोत, भरतीच्या वेळी तो बांधावर हजर असे. एकदा तर नाताळचं जेवण अर्धं टाकून तो उठला होता. मात्र कैतान तिथे असतोच, याची गावाला इतकी सवय झाली होती की तो आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नसे. त्याला ते कधी खुपलं नाही. निदान एल्मा गावात गाजायला लागेपर्यंत तरी नाही.

एल्मा ही गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. बांधाच्या आतल्या बाजूला गावाचं जुनं गुरचरण होतं. गुरं कमी झाली, तसे लोक तिथे कचरा टाकू लागले. प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बादल्या, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी, असा सगळा ढीग. शेवटी पंचांनी ती जमीन एका वीटभट्टीवाल्याला देऊन टाकायचं ठरवलं.

रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, संपल्यावर एल्मा चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि थोरल्या पंचांना म्हणाली, "ही जमीन द्यायची नाही, काका. आम्ही ती साफ करू. तिथे झाडं लावू."

थोरले पंच हसले. "तुम्ही पोरांनी प्रार्थना करावी, अभ्यास करावा. गावाचा कारभार आम्ही बघतो."

"प्रार्थनाच करतोय. देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते बागेची राखण करायला. बाग विकायला नाही."

लोक खुदकन हसले. फादरनीही मान खाली घालून हसू लपवलं. थोरले पंच मात्र लाल झाले आणि निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर आला. एल्मा आणि गावातली वीसेक मुलंमुली त्याच्यासमोर रस्त्यात बसली आणि गीतं म्हणू लागली. ऊन डोक्यावर आलं, तरी कुणी हललं नाही. मग आया पाणी घेऊन आल्या आणि त्याही तिथेच बसल्या. संध्याकाळी ट्रॅक्टर परत गेला. पंचांचा नाइलाज झाला. ते म्हणाले, "आगेऱ्याच्या सणापर्यंत मुदत देतो. तोवर तिथे झाडं जगली तर जमीन तुमची. नाही जगली तर भट्टीवाल्याची."

आगेरा म्हणजे नव्या भाताची पहिली कणसं चर्चमध्ये देवाला वाहण्याचा दिवस. पावसाळा सरतासरता तो येतो.

मुलं कामाला लागली. त्यांनी कचरा उपसला, खड्डे खणले, जांभूळ, आवळा, फणस आणि शेवग्याची रोपं लावली. पावसाने साथ दिली आणि बघता बघता रोपांना कोवळी पालवी फुटली. फादरनी वेदीवरून एल्माचं नाव घेऊन कौतुक केलं. बायका तिच्या घरी गोडाधोडाचे डबे पाठवू लागल्या. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. तो कुणीतरी चर्चच्या दारावर चिकटवला.

कैतानने तो फोटो अगदी जवळ जाऊन पाहिला. एल्मा हातात रोप घेऊन हसत होती. तिच्यामागे उघाडी दिसत होती. आणि फोटोच्या अगदी कडेला एका माणसाचं कोपर दिसत होतं. तेवढंच. ते कोपर त्याचं होतं.

त्या दिवशी तो जेवला नाही.

"काय झालं?" त्याची बायको पावलीन हिने विचारलं.

"काही नाही."

"फोटो पाहिलात ना?"

कैतानने ताट बाजूला सारलं. "चार महिने झाले त्या पोरीला. चार महिने! आणि मी? माझा जन्म गेला त्या बांधावर. एका तरी माणसाने विचारलं का, कैतान, तुझे गुडघे दुखतात का?"

"मी विचारते की."

"तू सोडून!"

पावलीनने ताट उचललं. तिलाही ते थोडं लागलं होतं.

त्यानंतर कैतानच्या मनात एक घाणेरडी सवय शिरली. बांधावरून जाताना तो रोपांकडे बघे आणि कुठे पिवळं पान दिसतं का ते शोधे. एखादं दिसलं की त्याला बरं वाटे. एल्मा समोरून आली आणि "कैतानकाका, इथे पाणी फार साचतं का हो?" असं तिने विचारलं, तर तो "कोण जाणे" म्हणून पुढे जाई. मग घरी गेल्यावर त्याचा त्यालाच राग येई आणि तो रागही तो एल्माच्याच खात्यावर टाकी.

भादव्याच्या अमावस्येचं उधाण आलं. वर्षातली सगळ्यात मोठी भरती. भर दुपारी पाणी चढणार होतं. कैतान वेळेवर बांधावर गेला आणि त्याने दोर हातात घेतला. खाली गुरचरणात रोपं वाऱ्यावर डुलत होती. दूरवरून चर्चच्या अंगणातली मुलांची गाणी ऐकू येत होती. सणाची तालीम चालली होती आणि सगळ्यांत मोठा आवाज एल्माचा होता.

त्याने दोर खाली ठेवला.

त्याने मनाशी हिशेब केला. शेतं गुरचरणापेक्षा उंच आहेत, एवढ्यात तिथे पाणी जाणार नाही. विहिरी त्याहून लांब. पाणी फक्त गुरचरणात शिरेल. थोडंसं. मग आपण उघाडी टाकू. दोर अडकला म्हणून सांगू. असं ठरवून तो बांधावरच थोडं दूर भेंडीच्या झाडाच्या सावलीत जाऊन बसला आणि त्याने तोंड फिरवलं.

पाणी आलं ते थोडंसं आलं नाही. उघाडीतून धबधब्यासारखा लोंढा आत घुसला. कैतानला आवाज ऐकू येत होता, तरी तो उठला नाही. मग त्याला किंकाळ्या ऐकू आल्या. त्याने वळून पाहिलं, तर मुलं चर्चकडून धावत येत होती आणि एल्मा छातीभर पाण्यात उभी राहून उघाडीचं दार दोन्ही हातांनी खाली ओढायचा प्रयत्न करत होती. लोंढा तिला मागे ढकलत होता. तिचा पाय निसटला. ती पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली.

कैतान कसा धावला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने एका हाताने तिचा दंड पकडून तिला बांधावर खेचलं, दार वर धरून ठेवणारा अडसर लाथेने काढला आणि सगळं वजन टाकून दार खाली सोडलं. दार धाडकन बसलं. पाणी थांबलं.

मग मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाने तर त्याला मिठीच मारली. "कैतानकाका नसते तर आज काय झालं असतं!"

एल्मा खोकत होती. तिचे ओठ निळे पडले होते. ती कशीबशी म्हणाली, "काका, तुम्ही वाचवलंत मला."

"दोर अडकला होता," कैतान म्हणाला.

त्या रविवारी फादरनी वेदीवरून कैतानचं नाव घेतलं. त्याच्या वर्षानुवर्षांच्या सेवेबद्दल ते बोलले. सगळी माणसं मागे वळून शेवटच्या बाकाकडे पाहू लागली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते असं एकदम समोर आलं होतं. आणि कैतानला वाटलं, आत्ता जमीन फाटावी आणि आपण आत जावं. घरी पावलीनने त्याच्यासाठी गोड केलं होतं. त्याने ते तसंच झाकून ठेवलं.

रोपांनी दोनचार दिवस तग धरला. मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या, शेंडे करपले आणि जांभळाची रोपं एकामागून एक माना टाकू लागली. मुलं विहिरीवरून बादल्या भरभरून गोडं पाणी आणून ओतत होती. फार थोडी रोपं वाचली. जी पिवळी पानं कैतान रोज शोधत होता, ती आता जिकडे तिकडे होती. त्याला बांधावरून चालवेना.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी गावाची बैठक गावातल्या क्रुसापाशी भरली. थोरले पंच उभे राहिले. "आम्ही मुदत दिली होती. झाडं जगली नाहीत. एका उधाणात मेली, म्हणजे जमीनच खारी आहे, तिथे काही उगवायचं नाही. मुलांनी हौस भागवून घेतली, चांगलं झालं. आता जमीन भट्टीला जाईल. कुणाचं काही म्हणणं?"

एल्मा उठली. तिचे डोळे सुजले होते. "एक वर्ष द्या, काका."

"बोलीप्रमाणे वागायला शिक, मुली."

ती खाली बसली.

कैतान गर्दीच्या मागे उभा होता. त्याने गप्प राहायचं, एवढंच होतं. मग गावात एल्माचं नाव कुणी काढणार नव्हतं आणि त्याचं मात्र राहणार होतं. त्याला हवं होतं ते सगळं त्याच्या ओंजळीत पडलेलं होतं. त्याने एल्माच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. ज्या पोरीवर आपण एवढे जळत होतो, ती केवढीशी आहे, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

"जमीन खारी नाही," तो म्हणाला.

सगळे वळले.

"जमीन चांगली आहे. झाडं उगवली होती, सगळ्यांनी बघितली. ती मी मारली." तो गर्दीतून पुढे आला. "दोर अडकला नव्हता. मी उघाडी टाकली नाही. हिचं कौतुक मला बघवत नव्हतं, म्हणून मी तोंड फिरवून बसलो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्या मी घेतल्या. ही मुलगी त्या दिवशी मेली असती तर ती माझ्यामुळे मेली असती."

बैठकीत एकदम गलका उठला. कुणी शिव्या दिल्या, कुणी मारायला धावलं. फादर मध्ये उभे राहिले. एल्मा उठून त्याच्यासमोर आली.

"राग माझ्यावर होता ना, काका?" ती म्हणाली. "मग मला बोलायचं होतंत. झाडांनी तुमचं काय केलं होतं?"

एल्मा वळली आणि घरी निघून गेली.

पंचांना मात्र आता जमीन देता येईना. थोरले पंच मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बोली मोडली ती मुलांनी नाही. एक वर्ष वाढवून देतो." त्याच बैठकीत कैतानकडून उघाडीचं काम काढून घेतलं गेलं आणि मुलांच्या मंडळाला दिलं गेलं. त्यांना शिकवायचं काम तेवढं त्याच्याकडे राहिलं.

कैतानने शिकवलं. उधाणाचं पाणी कसं ओळखायचं, दार कसं तोलायचं, सगळं सांगितलं. एल्मा ऐकून घेई, पण त्याच्याकडे बघत नसे. रोज सकाळी तो आपल्या विहिरीचं पाणी कावडीने नेऊन वाचलेल्या रोपांना घाली. येणारे-जाणारे मुलांना शाबासकी देत, तेव्हा त्याला अजूनही ते टोचे. तो ते टोचू देई आणि पुढच्या रोपाकडे वळे.

असे बरेच रविवार गेले. मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की सगळे आजूबाजूच्यांचे हात हातात घेत. शेवटच्या बाकावर कैतान पावलीनचा हात धरी आणि खाली बघत बसे.

एका रविवारी त्याला समोर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. त्याने मान वर केली. एल्मा पहिल्या बाकावरून उठून सगळं चर्च ओलांडून मागे आली होती. तिने हात पुढे केला.

"ख्रिस्ताची शांती, काका."

कैतानने तो हात दोन्ही हातांनी धरला. त्याच्या वतीने पावलीननेच उत्तर दिलं.

"उद्या नवी रोपं येणार आहेत," एल्मा हळूच म्हणाली. "खड्डे कुठे घ्यायचे ते आम्हाला कळत नाही. याल?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या चांगल्या कामाने आपलं काम लहान होत नाही, पण त्याचा मत्सर केला तर दोन्ही बुडतात. देवाने ही धरती एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्या हाती राखायला दिली आहे.