शेजारणीची वाटी

एका राज्यात, राजवाड्याच्या भिंतीला भिंत लावून एक चेटकीण राहत असे. कंकावती तिचं नाव. डोळे हिरवे, केस जमिनीवर लोळणारे, पण शेजारधर्माला पक्की. तिची गाय व्याली तेव्हा तिने वाटीभर खरवस राजाकडे धाडला. राजवाड्यात तो मिटक्या मारत संपला, आणि वाटी घासूनपुसून परत गेली. रिकामी.

शेजारणीची वाटी रिकामी परत करतात होय? कंकावतीने चिमूटभर राख फुंकली आणि राजवाड्यातल्या साऱ्या चुली विझल्या. किती फुंकर घाला, पेटेचनात.

राजा हेमकेतू फळं खाऊन राहिला असता. पण राणी मृणालवतीला दिवस गेलेले, तिला गरम, मऊ असं काही हवं होतं. तिने सांगून टाकलं, सूर्य मावळेतो घास मिळाला नाही तर मी माहेरी निघाले. पालखी दाराशी आली.

तेवढ्यात कंकावतीची साळुंकी तीच वाटी चोचीत घेऊन आली. वाटी भरा, शाप उतरेल, म्हणाली.

राजाने मोती भरले. साळुंकी गेली तशी परत आली.

"बाई विचारतात, हे चावायचं कसं?"

मग उडता घोडा पाठवून त्याने परराज्यातून केशरी भात आणवला. तोही परत आला.

"बाई म्हणतात, वास छान आहे. पण हे तुमच्या घरचं नव्हे."

"आमच्या चुली विझल्यात," राजा म्हणाला.

"अंगणात तीन दगड असतील, महाराज. आणि एखादं पातेलं."

राजाने मुकुट काढून कट्ट्यावर ठेवला. दगड मांडले, काटक्या पेटवताना धुराने चुरचुरणारे डोळे चोळले. साळुंकीने सांगितलं तसे तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन पातेल्यात घातली, हळद-मीठ टाकलं, वर दोन पेरं पाणी. आता झाकण ठेवा नि स्वस्थ बसा, ती म्हणाली. तेच राजाला अवघड गेलं. तो एकदा मावळतीकडे बघे, एकदा झाकण उचले, आणि साळुंकी बोटाला चोच मारी.

खिचडी शिजली. तळाला जरा लागली. वाटी भरेपर्यंत कंकावती भिंतीतून आरपार चालत आली आणि उभ्याउभ्याच तिने घास घेतला.

"मीठ कमी आहे, राजा."

"घालून देतो."

"राहू दे. पहिल्यांदाच केलीस ना? मऊ छान झाली आहे."

तिने फुंकर घातली, आणि आत चुली भडाभडा पेटल्या. आचारी नाचत बाहेर आले, विचारू लागले, आज्ञा व्हावी, काय रांधू?

राणीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती पातेलं मांडीत घेऊन तळाची खरवड काढत होती.

"पालखीवाल्यांना आधी जेवू घाला," ती म्हणाली, "आणि मग घरी पाठवा."

तिचं पोट भरलं, राजाचा जीव भांड्यात पडला. तुमच्याही घरी आज असंच गरम, मऊ काही शिजो.