गोजराबाईचा उचललेला पाय

जहागीरदार नाच पाहताना भलत्याच ठिकाणी टाळी देत. एकदा ते नाचणाऱ्या गोजराबाईवर ओरडले, "सम चुकलीस! घुंगरं काढ, गाव सोड."

"सरकार, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, ती फिरून त्याच जागी येते," गोजराबाई म्हणाली. "दोनदा एकाच जागी टाळी द्या, मी पाय टेकवते." आणि ती एक पाय उचलून उभी राहिली.

ढोलकी सुरू झाली. सरकारांनी पन्नास टाळ्या दिल्या, पण प्रत्येक टाळी नव्या जागी. नाच संपल्याशिवाय दरबारातून कुणी उठत नसे. जेवणं निवली. दिवाणजी घोरू लागले.

"टेकव की गं पाय!" सरकार ओरडले.

"कुठं टेकवू? तुमची टाळी एकदा गेली की माघारी फिरत नाही. सरकार, गाव मी सोडू की तिनं?"

तेव्हापासून सरकार हात मांडीखाली घेऊन नाच पाहत.